‘घरी बसून अर्धा पगार’: गिरणगावाबद्दलच्या एका दंतकथेची तपासणी

१/१२
“काम नसले तरी गिरणी कामगाराला घरी बसून अर्धा पगार मिळे. असल्या लाडांनीच मुंबईच्या गिरण्या बुडाल्या.” गिरणगावाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यातील ‘घरी बसून’ हे शब्द साफ चूक आहेत. ‘गिरणी कामगाराला’ या शब्दाआड तर त्याहून मोठे असत्य दडले आहे.

२/१२
ज्या कायद्याकडे हे वाक्य बोट दाखवते, तो १९५३ सालचा. कापडाचे साठे पडून राहिले होते आणि गिरण्यांत काम कमी करण्याची भाषा सुरू झाली होती. व्ही. व्ही. गिरी तेव्हा केंद्रीय कामगारमंत्री होते. त्या ऑक्टोबरमध्ये आधी वटहुकूम निघाला आणि पाठोपाठ औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’च्या भरपाईचे कलम आले.

३/१२
कलमाने दिले ते एवढेच: ज्या दिवशी मालक काम देऊ शकणार नाही, त्या दिवसाचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेचा निम्मा भाग. साप्ताहिक सुटीचा दिवस वगळून. पन्नासांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना आणि हंगामी उद्योगांना हे कलम लागूच नव्हते. वर्षात ४५ दिवसांनंतर, तसा करार असल्यास, भरपाई थांबत असे.

४/१२
आता ‘घरी बसून’ पाहू. दिवसातून किमान एकदा, नेमलेल्या वेळी, कामगाराने गिरणीत हजर झालेच पाहिजे. न झाल्यास भरपाई नाही. हजर झाल्यावर दोन तासांत काम मिळाले नाही, तरच तो दिवस ले-ऑफचा. पाळीच्या उत्तरार्धात या असे सांगून तेव्हा काम दिले, तर ले-ऑफ अर्ध्याच दिवसाचा. म्हणजे भोंग्याबरोबर दारात उभे राहणे सुटले नव्हते.

५/१२
अटी एवढ्यावर संपत नाहीत. त्याच मालकाच्या पाच मैलांच्या आतील दुसऱ्या कारखान्यात तेवढ्याच वेतनाचे, वेगळे कौशल्य न लागणारे काम नाकारले, तर भरपाई गेली. गिरणीच्या एका खात्यातील संपामुळे दुसऱ्या खात्याचे काम थांबले, तरी त्या दुसऱ्या खात्याची भरपाई गेली. याला लाड म्हणायचे असेल, तर ‘लाड’ या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

६/१२
खरा प्रश्न मात्र पुढेच आहे. भरपाईचा हक्क सांगणाऱ्या वाक्यातच एक कंस आहे: बदली वा नैमित्तिक कामगार वगळून. गिरणगावात बदली म्हणजे कोण, हे सांगायला नको. रोज सकाळी दारावर यायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी उभे राहायचे, नसेल तर परत फिरायचे. मालकांनी १९३५ पासून या प्रथेला नोंदणीची चौकट दिली. अनिश्चितता तशीच राहिली.

७/१२
कायद्याने एक खिडकी ठेवली होती. वर्षभराची सलग सेवा पूर्ण झाली, की बदली कामगार बदली गणला जात नसे. आणि सलग सेवा म्हणजे वर्षात २४० दिवस काम. पण महिन्याला पंधरा दिवस काम मिळणाऱ्याचे वर्षाचे दिवस भरतात १८०. ज्याला काम कमी मिळते, त्याचाच हक्क बुडतो. आणि दिवस किती द्यायचे, हे मात्र गिरणीच्या हाती.

८/१२
यावर मालकांची बाजू अशी: गैरहजेरी खरी होती, शेतीच्या हंगामात माणसे कोकणात व घाटावर गावी जात, राखीव माणसे नसती तर माग बंद पडले असते. हे सारे मान्य. पण माग चालू ठेवण्याची गरज गिरणीची असेल, तर राखीव माणूस जगवण्याचा खर्च त्याच्या चुलीवर का?

९/१२
दुसरा मार्ग अज्ञात होता असेही नाही. १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये बेकारी विम्याचा नियम असा होता, की सलग सहा दिवसांतील कोणतेही तीन दिवस बेकारीत गेले, तर ती सलग बेकारी मानली जाई. म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांत आठवड्याचे काही दिवसच काम मिळणारा विणकर उरलेल्या दिवसांसाठी विम्याकडे दावा करू शके. १९३१ साली तिथेही अशा दाव्यांना कात्री लावणारा कायदा झाला. पण अर्धे काम ही अर्धी बेकारी असते, हे तत्त्व कायद्याने ओळखले होते.

१०/१२
त्याच १९३१ साली व्हिटली आयोगाचा भारतीय कामगारांवरील अहवाल आला. ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. बेकारीचा राष्ट्रीय विमा भारतात तूर्त व्यवहार्य नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. साम्राज्य एक, सूत एक; दोन गिरणगावांना न्याय मात्र दोन.

११/१२
१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. पगारवाढीच्या आकड्यांपुढे ती आज विसरली जाते. १९८६ साली प्रकाश कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की बदली कामगाराला काम मिळण्याचा हमखास हक्क नाही. हक्क नाही, म्हणून तो गेल्याची भरपाईही नाही.

१२/१२
राज्य विमा महामंडळाच्या २००५ व २०१८ सालच्या बेकारी भत्त्याच्या योजना आल्या. त्यांत नोकरी पुरती जावी लागते, दिवस घटलेल्याला तिथे जागा नाही. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कंस शाबूत आहे. गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, त्या जागी मनोरे उभे राहिले, कंस टिकला. तेव्हा ‘घरी बसून अर्धा पगार’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: कोणाला? दारावरून परत फिरलेल्या बदलीला तर पगार नव्हता, अर्धाही नाही.