रिपोर्ट नॉर्मल, दुखणे खरे

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून मुंबईला कामाला जाणाऱ्या रोजेदाराचा दिवस सहरी, फजरची नमाज आणि लगेच लोकल असा सुरू होतो. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हा शरीरधर्मच आहे. पण इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस असलेल्याला नेमकी याच वेळी कळ येते. लोकलमध्ये शौचालय नाही. मग तो सहरीच सोडतो आणि दिवसभर अधिकच थकतो.

सोनोग्राफी, रक्ततपासणी सारे नॉर्मल येते. घरचे म्हणतात, 'काही नाही, मनाचे खेळ आहेत.' अन्याय होतो तो इथे. या आजारात आतड्याला जखम किंवा गाठ नसते. आतडे आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो. साधा गॅसही असह्य वाटतो. 2016 च्या 'रोम-4' निकषांनुसार सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेले, गेले तीन महिने आठवड्यातून किमान एकदा होणारे आणि शौचाशी निगडित असे पोटदुखणे यावरून डॉक्टर निदान करतात. ताणाने दुखणे वाढते, पण म्हणून ते खोटे ठरत नाही. शौचावाटे रक्त, वजन घटणे, ताप, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर मात्र पुढील तपासण्या टाळू नयेत.

रोज्याइतकाच विचार इफ्तारच्या ताटाचाही व्हावा. कांदाभजी, चणे, हलीम, दुधाचे सरबत, कलिंगड हे सारे एकाच बैठकीत होते. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये, दूध यांतील काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढे त्या आंबून गॅस करतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावर आधारित आहारपद्धती विकसित केली. त्यात हे पदार्थ काही आठवडे बंद करून एकेक परत घेतले जातात. कायमचे सोडायचे नसतात आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला लागतोच. रमजानमध्ये निदान एवढे जमेल: पाणी आणि एखादा खजूर, मग मगरीबची नमाज, त्यानंतर भात आणि कमी तेल-तिखटाचे कालवण. घरोघरचे इसबगोलही उपयोगी, पण भरपूर पाण्यासोबत. या फारसी नावाचा अर्थ 'घोड्याचा कान'. बियांच्या आकारावरून तो पडला. गव्हाचा कोंडा मात्र पोट फुगवू शकतो.

तरीही कळा थांबल्या नाहीत तर? कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत 184-185) आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे इतर दिवशी पूर्ण करण्याची मुभा आहे. प्लास्टर घातलेल्या माणसाला ही मुभा कोणी नाकारत नाही. पोट धरून बसलेल्याला मात्र कारण सिद्ध करावे लागते. एकादशीला साबुदाणा न सोसणाऱ्या सासूबाईंचे दुःखही वेगळे नसते. रोजा ठेवायचा की नाही, हे डॉक्टर आणि आलिम यांच्याशी बोलून त्या माणसाने ठरवावे. शेजाऱ्यांनी 'रोजा आहे ना?' हा प्रश्न विचारू नये. आणि स्टेशनवरचे शौचालय स्वच्छ व उघडे राहावे, ही मागणी तर सर्व धर्मांच्या प्रवाशांनी मिळून करावी. भुकेल्याची भूक समजण्याचा हा महिना आहे; शेजारच्या माणसाचे न दिसणारे दुखणेही त्यात समजून घेता यावे.