गाडीवर नाव, नावेवर गाडी

‘कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी’ ही म्हण दैवाचा फेरा सांगण्यासाठी आपण सहज वापरतो. नौकाविहाराचा छंद असणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी ठरते. आणि तंजावरसारख्या प्रदेशात तर ती जीव वाचविणारी आहे.

तंजावर म्हटले की मराठी वाचकास व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. परंतु या भूमीचे खरे धन म्हणजे कावेरीचे पाणी. करिकाल चोळाने बांधल्याचे परंपरा सांगते ते कल्लणै धरण सुमारे ३२९ मीटर लांब आहे. तेथे पाणी कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम आणि कल्लणै कालवा अशा चार वाटांनी विभागले जाते. मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले. त्याच योजनेतील हा कालवा तंजावर शहरातून वाहतो. मेट्टूरचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडतात व २८ जानेवारीला बंद करतात. पुढे प्रवाहांना आणखी फाटे फुटतात, आणि मोठ्या फाट्यांवर बंधारे व दरवाजे असतात.

लहान नाव घेऊन जाणाऱ्याने असा बंधारा पाण्यावरून कधीही ओलांडू नये. वरच्या बाजूने पाहता पाणी संथ दिसते, बंधाऱ्याची कड नजरेस पडत नाही. खाली कोसळलेले पाणी तळाशी जाऊन वर येते आणि उलटे बंधाऱ्याकडेच वळते. त्या फेऱ्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही सहसा सुटत नाही. म्हणून बरेच अलीकडे काठाला लागावे आणि नाव जमिनीवरून पलीकडे न्यावी. पण थकलेल्या माणसाला ओझे नकोसे वाटते. ‘आणखी थोडे पुढे जाऊ’ असे तो म्हणतो, आणि तेथेच घात होतो.

कावेरीवरील जुन्या नावाड्यांना ही अडचण फारशी नव्हती. त्यांची परिसल म्हणजे बांबूची विणलेली गोल टोपली; ती पाठीवर पालथी घेऊन एकटा मनुष्य चालू शकतो. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची कातड्याने मढविलेली हलकी नाव. परंतु आजची प्लास्टिकची कयाक तीन-चार मीटर लांब आणि बहुधा २० ते ३० किलो वजनाची असते. ती ओढत नेली तर तळ झिजतो, खांद्यावर घेतली तर पाठ धरते.

यावर उपाय म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा घडीचा सांगाडा, त्यावर नाव टेकण्यासाठी मऊ गाद्या आणि एक पट्टा, एवढाच तिचा संसार. वजन चार-पाच किलो. जाड प्लास्टिकच्या नळ्या आणि लहान मुलांच्या जुन्या बाबागाडीची चाके वापरून ती घरीही करता येते.

गाडी नावेच्या मध्याच्या किंचित मागे बसवावी, म्हणजे भार आसावर येतो आणि हातावर थोडाच उरतो. पट्टा नावेवरून घेऊन घट्ट आवळावा आणि गाडी दोरीने नावेलाही बांधावी, नाहीतर खड्ड्यात ती खालून निसटते. वाळूत व चिखलात रुंद, हवेची चाके बरी. काट्याकुट्यांच्या वाटेवर भरीव रबराची. उतारावर नावेच्या पुढे राहू नये. मागे राहून दोरीने तिला आवरावे. पाण्यात उतरताना गाडीची घडी करून ती नावेतच बांधून ठेवावी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवावीत.

निघण्यापूर्वी नकाशावर प्रत्येक बंधारा पाहून घ्यावा, काठाला लागण्याची जागा आधीच ठरवावी आणि स्थानिक जलसंपदा अधिकाऱ्यांकडे परवानगीची व पाणी सोडण्याची चौकशी करावी. अंगात जीवरक्षक जाकीट असावेच. मुले बरोबर असतील तर गाडी ओढण्याचे काम आनंदाने त्यांच्याकडे सोपवावे; काठावर कधी उतरायचे याचा निर्णय मात्र वडीलधाऱ्यांनीच घ्यावा, आणि तो लवकर घ्यावा.