रांगेची लांबी, निरोपाचं वय
बँकेच्या दोन संगणकप्रणालींनी एकमेकींशी थेट न बोलता मधल्या मेसेज क्यूमध्ये निरोप ठेवायचा, ही पद्धत आयबीएमने 1993 साली एमक्यूसिरीज आणल्यापासून चांगलीच रुळली आहे. या रांगा सांभाळणारे मात्र अजूनही बहुधा एकच आकडा बघतात: रांगेत निरोप किती. एकटा हा आकडा फसवा आहे. आयबीएम एमक्यूमध्ये (एमक्यूसिरीजचंच आजचं नाव), मेनफ्रेमवरची आवृत्ती सोडली तर, कोणी बदलली नाही तोवर रांगेची मर्यादा 5,000 निरोपांची असते. सेकंदाला 50 निरोप उचलले जात असतील तर भरलेली रांग 100 सेकंदांत उपसून होते. सेकंदाला एकच उचलला गेला तर 83 मिनिटं लागतात. म्हणून इशारा लावायचा तो सर्वांत जुना निरोप किती वेळ पडून आहे यावर. मर्यादाच वाढवा, डिस्क स्वस्त आहे, असं काही जण म्हणतात. गर्दी तासाभराची असेल तर ठीकच; पण उपसा कायमचा कमी पडत असेल, तर मोठी रांग बिघाड फक्त उशिरा दाखवते आणि शिळे निरोप इमानेइतबारे पोचवत राहते. रांगेतून निरोप घेणारे प्रोग्राम वाढवा, हा आक्षेप जास्त वजनदार. तरी खात्यात आधी जमा, मग वजा असा क्रम पाळायचा असेल, तर समांतर घेणारे तो मोडू शकतात. आणि अडथळा डेटाबेसातच असेल, तर त्याच्यावर नुसती झुंबड उडते. डेड लेटर क्यूचं तर विचारूच नका: न पोचलेले निरोप तिथे जाऊन पडतात, मुख्य रांग छान रिकामी दिसते, आणि तिकडे बघायचं कोणी, हे अनेकदा कुठे लिहिलेलंच नसतं.