उल्लेख आणि श्रेय

अमेरिकेतल्या केंब्रिज गावात गार्डन स्ट्रीटला लागून एक टेकडी आहे. हार्वर्डची जुनी वेधशाळा या टेकडीवर आहे आणि तिच्याच आवारात स्मिथसोनियन संस्थेचे खगोलभौतिकी केंद्र आहे. नासाच्या निधीवर चालणारी एक प्रचंड सूची या केंद्रातून सांभाळली जाते. तिचे नाव ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम. खगोलशास्त्रज्ञ तिला नुसते एडीएस म्हणतात. तारे, सूर्य, दीर्घिका, कशावरचाही शोधनिबंध तिथे काढावा आणि पुढे कोणी कोणी त्याचा आधार घेतला ते एका पानावर पाहावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही सोय आहे आणि ती सर्वांना मोफत आहे. खगोलशास्त्राएवढी चांगली सूची फार थोड्या विषयांना लाभली आहे.

याच टेकडीवर १९२३ साली सेसिलिया पेन नावाची तेवीस वर्षांची मुलगी इंग्लंडहून आली. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातला अभ्यासक्रम तिने पुरा केला होता, पण तिथे तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत. निघण्यापूर्वी एडवर्ड मिल्न या तरुण गणितज्ञाने तिला एक गोष्ट सुचवली होती: हार्वर्डमध्ये ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचा ढिगांनी आहेत, त्यांवर मेघनाद साहांचा सिद्धांत ताडून पाहा. पुढचे सगळे काम या एका सूचनेतून उभे राहिले. तोंडी दिलेली सूचना कोणत्याही सूचीत येत नाही.

साहांचा सिद्धांत काय होता? व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठळक दिसतात, सूर्याच्या वर्णपटात त्या मानाने क्षीण, काक्षीच्या वर्णपटात त्याहून फिक्या. यावरून हे तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे बनले असावेत असे कोणालाही वाटेल, आणि बऱ्याच जणांना तसे वाटतही होते. साहांनी दाखवले की हा फरक मुख्यतः तापमानाचा आहे. तापमान वाढले की अणूंतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतात, पुढे सुटून जातात. किती अणूंचे असे होईल ते तापमान आणि दाब यांवरून गणिताने काढता येते. सूर्याच्या वर्णावरणातल्या आयनीभवनावरचा त्यांचा निबंध ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’च्या ऑक्टोबर १९२० च्या अंकात आला. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

पेनने हे गणित उलट्या दिशेने चालवले. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ६,००० अंश. एवढ्या तापमानाला दृश्य प्रकाशात रेषा उमटवू शकतील असे हायड्रोजनचे अणू अगदीच थोडे असतात. तरीही रेषा स्पष्ट दिसते. तेव्हा मुळात हायड्रोजनच अफाट असला पाहिजे. तिचा हिशेब सांगत होता की तो धातूंच्या जवळजवळ दहा लाख पट आहे. त्या काळी मात्र बहुतेकांची समजूत अशी होती की पृथ्वीचे कवच तापवले तर सूर्यासारखाच वर्णपट मिळेल, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी एकाच मालाचे. वेधशाळेचे संचालक हार्लो शॅपली यांनी हस्तलिखित आपल्या गुरूंकडे, प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवले. हायड्रोजन इतका असणे शक्यच नाही, असे रसेलांनी जानेवारी १९२५ मध्ये कळवले. त्या क्षेत्रात त्यांच्या शब्दावर माणसांच्या नेमणुका ठरत. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात, हायड्रोजन आणि हेलियमचे हे आकडे खरे नसावेत, अशा अर्थाचे वाक्य घातले.

चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेलांचा सूर्याच्या वातावरणाच्या घडणीवरचा विस्तृत निबंध ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. छप्पन्न मूलद्रव्यांचे प्रमाण त्यांनी काढले आणि निष्कर्ष तोच निघाला: सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा. निबंधात पेनचे नाव आहे आणि तिचे आकडे आपल्याशी जुळतात असेही आहे. हा निष्कर्ष पूर्वी आपणच अशक्य ठरवला होता, याचा उल्लेख मात्र नाही. रसेलांवर अन्याय नको. त्यांची पद्धत स्वतंत्र होती, हाती आलेली मापे अधिक चांगली होती, शिवाय जर्मनीत उन्झोल्ड यांच्या कामातूनही हायड्रोजनची विपुलता दिसू लागली होती. पण पुढे ताऱ्यांच्या या घडणीला नाव पडले ते ‘रसेल मिश्रण’. पेनबाईंनी उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनात दोष रसेलांना दिला नाही. आपल्याला खात्री असताना आपण अधिकारापुढे नमलो, हा स्वतःचाच दोष त्यांनी मानला. हार्वर्डने त्यांना प्राध्यापकपद दिले ते १९५६ साली, म्हणजे प्रबंधानंतर एकतीस वर्षांनी.

आता सायटेशन, म्हणजे असे उल्लेख, मोजणाऱ्याच्या नजरेने १९२९ चा तो निबंध पाहा. पेनचा उल्लेख झाला आहे, तेव्हा तिच्या खात्यात एक जमा. मोजणीची अट पुरी झाली. पण शोध कोणाचा, तो अडला का, कोणामुळे अडला, यांतले काहीही त्या एका आकड्यात नाही.

साहांच्या बाबतीत वेगळेच घडले. त्यांचे समीकरण इतके मान्य झाले की मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरजच उरली नाही. आज ताऱ्याच्या वातावरणाचे गणित करणारा प्रत्येक जण ते वापरतो. तो ‘साहा समीकरणानुसार’ एवढेच लिहून पुढे जातो. फारच काटेकोर असेल तर एखाद्या पाठ्यपुस्तकाचा हवाला देतो. असा हवाला बहुधा डिमिट्री मिहालास यांच्या १९७० साली निघालेल्या ‘स्टेलर ॲटमॉस्फिअर्स’ या ग्रंथाचा असतो. पेनचा १९२५ चा प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा त्याचेही नाव हेच होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेला एक संज्ञा दिली आहे; मराठीत तिला सामावून पुसले जाणे म्हणता येईल. जे काम ज्ञानाच्या पायात बसते ते वरून दिसत नाही. १९०९ मध्ये कोडाईकनालहून जाहीर झालेला सूर्यडागांतला एव्हरशेड परिणाम किंवा वेणू बाप्पू यांचे नाव लागलेला, ताऱ्यांची तेजस्विता ओळखण्याचा १९५७ चा विल्सन-बाप्पू परिणाम, यांचीही तीच गत. वाक्यात नाव येते, संदर्भसूचीत येतेच असे नाही. यंत्र संदर्भसूची मोजते.

साहांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट आजच्या प्राध्यापकांनी जरूर वाचावी. १९१७ च्या अखेरीस त्यांनी निवडक प्रारणदाबावरचा एक मोठा निबंध ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठवला. निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा वाटा लेखकाने उचलावा, असे उत्तर आले. रक्कम शंभर डॉलरच्या पुढची होती. आईवडील आणि धाकटा भाऊ यांची जबाबदारी असलेल्या कलकत्त्याच्या तरुण अध्यापकाला ती देणे शक्य नव्हते. एक छोटे टिपण तेवढे तिथे छापले गेले. सविस्तर लेखन कलकत्ता विद्यापीठाच्या नियतकालिकात गेले आणि युरोप-अमेरिकेत ते फारसे कोणी पाहिले नाही. नंतर हाच विषय मिल्न यांच्या नावाने पुढे आला. १९४६ मध्ये साहांनी एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ही सल बोलून दाखवली आहे. पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९८ च्या खग्रास ग्रहणात जेऊर येथे सूर्याचे वेध घेतले. त्या वेधांचा अहवालही असाच त्यांच्या वेधशाळेचे प्रकाशन म्हणून मुंबईत छापला गेला. कुठे छापले गेले यावर कोणाच्या नजरेस पडणार ते ठरत होते, आणि नजरेस पडले नाही त्याचा उल्लेख होत नाही.

ही सगळी सूचीपद्धत मुळात आली कुठून? वकिलांकडून. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून न्यायनिवाड्यांची एक सूची काढली. एखाद्या निवाड्याचा पुढे कुठे कुठे हवाला दिला गेला, हे तिच्यात कळे. आणि त्या पुढच्या कोर्टाने तो निवाडा मान्य केला, बाजूला ठेवला की रद्द ठरवला, याची खूणही प्रत्येक नोंदीपुढे असे. यूजीन गारफिल्ड यांनी याच सूचीवरून कल्पना घेऊन १९६४ मध्ये विज्ञानासाठी सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला. हेतू चांगला होता: जुन्या निबंधावरून त्या विषयावरचे नवे निबंध सापडावेत. पण वकिलांच्या सूचीतली ती खूण विज्ञानाच्या सूचीत आली नाही. मान्य केले की खोडून काढले, हे नोंदीवरून कळेनासे झाले. उरला तो आकडा. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला आणि माणसाचे सारे संशोधन एका संख्येत बसले. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख मिळाले, त्याचा एच-इंडेक्स दहा.

ती खूण नसल्याने काय होते याचे उदाहरण सूर्याच्याच अभ्यासात आहे. सूर्याच्या रासायनिक घडणीवर मार्टिन आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक आढावा लिहिला. त्याला हजारो उल्लेख मिळाले आहेत. ते योग्यच आहे, कारण कोणत्याही ताऱ्याची घडण सांगताना सूर्याशी तुलना करावी लागते आणि त्यासाठी हे कोष्टक हाताशी लागते. पण त्यात ऑक्सिजन, कार्बन यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी निघाले, आणि सूर्याच्या कंपनांवरून त्याच्या अंतर्भागाची जी रचना समजली होती तिच्याशी ते जुळेना. हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. म्हणजे त्या हजारोंत कोष्टक नुसते उचलणारे आहेत, समर्थन करणारे आहेत आणि कडाडून विरोध करणारेही आहेत. तिघांचीही मोजणी सारखीच.

हे आपल्याकडे आत्ता लिहायचे कारण आहे. आपल्या विद्यापीठांत नेमणुका, बढत्या, संस्थेचे मूल्यांकन या सगळ्यांत निबंधांची संख्या आणि सायटेशनचे आकडे शिरले आहेत. आकडा वाढवण्याचे मार्ग सर्वांना ठाऊक आहेत: स्वतःचाच हवाला पुन्हा पुन्हा देणे, मित्रमंडळींत परस्परांचा हवाला देणे, पैसे भरून वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांत जाणे. पैसे नव्हते म्हणून साहांचा खरा निबंध मागे राहिला. आज पैसे आहेत म्हणून खोटे निबंध पुढे येतात. अशा नियतकालिकांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी केली होती आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली. आता कसोटी कोणती लावायची हे ज्या त्या संस्थेने ठरवायचे आहे. यादीमागे लपण्याची सोय गेली, हे माझ्या मते चांगलेच झाले. पण तिची जागा सायटेशनच्या आकड्याने घेतली तर आपण आणखी खोल खड्ड्यात जाऊ.

मागणी साधी आहे. उमेदवाराकडून एकूण आकडा मागू नका. त्याने स्वतः निवडलेले पाच उल्लेख मागा, ज्या वाक्यात त्याचे नाव आले त्या वाक्यांसह. दुसऱ्या कोणी त्याचे काम घेऊन पुढे काय केले, की नुसते ओळीत नाव टाकले, की चूक दाखवली, हे ती पाच वाक्ये वाचून कळते. कोणी सप्रमाण चूक दाखवली असेल तर तेही लपवू नये असा नियम करा. याला वेळ लागेल. एका माणसाच्या तीस वर्षांच्या नोकरीचा निर्णय करताना एक दुपार वाचनाला देणे समितीला जड वाटू नये.

शिक्षकांनाही एक सांगणे आहे. बी.एस्सी.च्या वर्गात फळ्यावर साहांचे समीकरण लिहाल तेव्हा शेजारी ऑक्टोबर १९२० ही तारीख लिहा, आणि त्याखाली सेसिलिया पेन, १९२५.

रसेलांचा १९२९ चा निबंध एडीएसवर पानापानाने वाचायला मिळतो. ज्यांच्या हाती नेमणुका आणि बढत्या आहेत त्यांनी तो एकदा उघडावा, आणि पेनचे नाव त्यात कुठे, कशा शब्दांत आले आहे ते स्वतः पाहावे.