ओंडका बांधावरच चिरताना

वळवाच्या वाऱ्यात बांधावरचा कडुनिंब आडवा झाला की दोन-चार दिवसांत जळतणाचा व्यापारी येतो. क्विंटलच्या भावाने खोड जाते आणि त्याच घराच्या दाराची चौकट शहरातून विकत येते. वालूर काय किंवा परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले दुसरे कुठले गाव काय, चित्र हेच. बारवेमुळे वालूरच्या दगडकामाचे आता कौतुक होते, ते व्हायलाच हवे. पण माळवदाच्या तुळया आणि खांब घडवणाऱ्या सुतारांची आठवण कुणाला येत नाही.

शेती अवजारांच्या दुकानांत ५८ सीसीची चेनसॉ मिळू लागल्यापासून प्रश्न असतो तो एकच: हिच्यावर घरी फळ्या पाडता येतील का? येतात. तरीही एक इंची फळ्या हिच्यावर पाडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. चेनसॉचा चीर सुमारे ९ मिलिमीटर रुंद पडतो, बँडसॉचा दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे इंची फळी पाडताना लाकडाचा चौथा हिस्सा भुसा होतो. सॉ मिलपर्यंत न जाणारे जाडजूड, वाकडे खोड जागेवरच तीन-चार इंची पाटांत चिरणे, हे या मशीनचे खरे काम. पुढच्या बारीक फळ्या बँडसॉवर पाडाव्यात.

बाजारातली साखळी आडव्या कापासाठी असते. तिच्या दातांचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो. उभ्या चिरासाठी तो १० अंशांवर घासून घ्यावा. काम हळू होते, पण पृष्ठ साफ येते. पहिला चीर सरळ फळी ओंडक्यावर ठोकून तिच्या आधाराने घ्यावा; पुढचे चीर मशीनच्या पात्याला बसवलेली जाडी राखणारी चौकट त्या सपाट बाजूवर टेकवून. उभ्या चिरात इंजिन सतत पूर्ण जोरावर असते, म्हणून प्रत्येक चिरानंतर ते मंद चालू देऊन थंड होऊ द्यावे. बाभूळ ओली असतानाच चिरावी. वाळलेली बाभूळ दात बोथट करते. जुन्या माळवदाच्या सागवानी तुळया चिरायच्या तर आधी चुंबक फिरवून खिळे शोधावेत.

पाट पडले की निम्मे काम झाले, एवढेच. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. उघड्यावर ठेवलेले पाट टोकांकडून फाटतात. टोकांना रंग किंवा मेण लावून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचावेत. बैलगाडीवाले सुतार बाभळीचे लाकूड महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवत. ती अंधश्रद्धा नव्हती: बाहेरच्या पांढऱ्या लाकडातले पिष्ट निघून जाते आणि भुंगा त्या लाकडाकडे फारसा फिरकत नाही.

कायदाही पाहावा. साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातले झाड असले तरी तोडण्यास परवानगी लागते. लोकांची लाकडे भाड्याने चिरून देण्याचा विचार असेल, तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. सॉ मिलवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांमुळे कडक निर्बंध आहेत.

आणि सुतारबांधवांनो, चष्मा, कानाचे बोळे आणि बंद बूट दिल्याशिवाय हाताखालच्या पोराच्या हाती ही मशीन देऊ नका.