धूर कंपनीचा, खर्च शेतकऱ्याचा

कारखान्याचा धूर शेजारच्या पिकावर उतरला तर नुकसान कोणी भरायचे? गावातल्या गावात हा प्रश्न लवकर सुटत नाही. मग कारखाना एका देशात आणि शिवार दुसऱ्या देशात असेल तर? असा तंटा कॅनडा आणि अमेरिका यांच्यात झाला. देशोदेशींचे वकील आजही त्याचा दाखला देतात. मुळात तो कोरडवाहू माळावरचा नसला तरी शेतकऱ्यांचाच लढा होता. म्हणून तो येथे मांडत आहोत.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल या गावी 1896 मध्ये धातू गाळण्याची भट्टी सुरू झाली. शिशाचे आणि जस्ताचे खनिज भाजले की त्यातला गंधक जळून त्याचा विषारी वायू होतो. 1925 आणि 1927 साली कंपनीने 409 फूट उंचीची दोन धुराडी उभारली. उत्पादन वाढले, तसा धूरही वाढला. 1930 मध्ये दिवसाला 300 टनांहून अधिक गंधक हवेत जात होता. कोलंबिया नदीच्या अरुंद खोऱ्यातून तो धूर सरहद्द ओलांडी आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्टीव्हन्स जिल्ह्यात उतरे. तेथे पिके करपली, रानातली झाडे वाळली.

शेतकऱ्यांना दाद मागायला कोर्ट नव्हते. परदेशातल्या जमिनीच्या नुकसानीचा दावा ब्रिटिश कोलंबियाच्या कोर्टात चालत नव्हता आणि वॉशिंग्टनच्या कोर्टाचा हुकूम कॅनडातल्या कंपनीवर चालत नव्हता. कंपनीने एकेकाला गाठून पैसे देऊ केले, धूर सोडण्याचा हक्क विकत घेऊ पाहिला. तेव्हा शेतकऱ्यांनी संघटना बांधली. तिचा नियम साधा होता: संचालकांच्या बहुमताची लेखी संमती असल्याशिवाय कोणीही परस्पर तडजोड करायची नाही. या एका नियमामुळे प्रकरण एकेकट्याचे राहिले नाही, सरकारला ते हाती घ्यावे लागले.

1928 मध्ये ते दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाकडे गेले. आयोगाने 1931 मध्ये 3 लाख 50 हजार डॉलर भरपाई सुचवली. तेवढ्याने समाधान झाले नाही, कारण धूर चालूच होता. अखेर 1935 च्या कराराने तीन सदस्यांचा लवाद नेमला गेला. अमेरिकेने 20 लाख डॉलरहून अधिक मागितले. 1938 च्या निवाड्यात मिळाले 78 हजार. त्यात लागवडीच्या जमिनीचे 62 हजार आणि बिनलागवडीच्या जमिनीचे 16 हजार. जनावरांचे नुकसान, गावातल्या धंद्यांचे नुकसान पुराव्याअभावी किंवा दूरचे म्हणून फेटाळले गेले. डोळ्यांना न दिसणारी हानी झाली, असे म्हणणेही टिकले नाही. कंपनीजवळ शास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळा होत्या. शेतकऱ्याजवळ करपलेले पान होते, आणि त्याची तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती तर ते पानही मुके ठरत होते.

तरीही 1941 च्या अंतिम निवाड्याने मोठी गोष्ट केली. दुसऱ्याच्या मुलखात धुराने गंभीर इजा होईल अशा रीतीने आपला मुलूख वापरण्याचा किंवा वापरू देण्याचा हक्क कोणत्याही राष्ट्राला नाही, मात्र इजा स्पष्ट पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे, असे लवादाने सांगितले. शिवाय भट्टीला वेसण घातली. हवेतला वायू मोजणारी यंत्रे बसवायची आणि हंगाम, वेळ, वारा पाहून धूर किती सोडायचा ते ठरवायचे. पीक वाढीला असताना नियम अधिक कडक. भरपाई एकदा मिळते आणि संपते. धूर आवरला तर पुढचे प्रत्येक पीक वाचते.

आता यातले अर्थशास्त्र पाहा. तक्रारींचा जोर वाढल्यावर कंपनीने धुरातला गंधक पकडला, त्याचे आम्ल केले आणि आम्लापासून खत बनवून विकले! म्हणजे धूर सोडणे ही काही निसर्गाची सक्ती नव्हती. खर्च दुसऱ्याच्या बांधावर फेकता येत होता तोवर तो धूर होता, फेकता येईना तेव्हा तोच माल झाला. फुकटात धूर सोडू देणे ही शेतकऱ्याच्या खिशातून कारखान्याला दिलेली सबसिडीच होय. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

ट्रेलची गोष्ट तेथे संपली नाही. त्याच भट्टीने अनेक दशके धातूची मळी कोलंबिया नदीत टाकली. नदीकाठच्या कोलव्हिल आदिवासींनी 2004 मध्ये अमेरिकेच्या कोर्टात दावा लावला. 2006 मध्ये अपील कोर्टाने तो चालू दिला, 2012 मध्ये कंपनी जबाबदार ठरली. पूर्वी जे कोर्ट नव्हते ते आता सापडले, पण त्याला सत्तर वर्षे लागली.

आपल्याकडे कोर्ट आहे. 2010 च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले, त्याचे एक खंडपीठ पुण्यात आहे. प्रदूषणाच्या भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून 5 वर्षांत करावा लागतो. उणीव आहे ती पुराव्याची आणि एकीची. ज्यांच्या शिवारालगत धुराडे किंवा सांडपाण्याचा नाला आहे, त्यांनी आजपासून वही घालावी. तारीख, वाऱ्याची दिशा, कपाशीच्या किंवा ज्वारीच्या पानावरचा डाग, विहिरीच्या पाण्याचा रंग, शेजाऱ्याची सही, पंचनाम्याची नक्कल हे सारे तीत असावे. आणि कंपनीचा माणूस पाकीट घेऊन एकट्याच्या दारी आला, तर त्याला गावाच्या बैठकीत बोलवावे.