कानस आणि क्रमांक

अमेरिकेत घरच्या वर्कशॉपमध्ये बंदुकीवर हात चालवणाऱ्या हौशी मंडळींचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: बंदूक माझी, पैसे माझे, मग मूठ तासताना किंवा रंगाचा थर देताना तिच्यावरचा क्रमांक दिसेनासा झाला तर सरकारच्या पोटात का दुखावे? यातला फेरफाराचा हक्क मान्य. पण क्रमांक मुठीसारखा हौसेचा भाग नव्हे. मोटारीचा रंग बदलता येतो, चासी नंबर घासता येत नाही, आणि याला मालमत्तेवरचा घाला कोणी म्हणत नाही. 1968 च्या कायद्याने कारखानदाराला क्रमांक सक्तीचा केला. पुढे 2002 पासून कोरीव कामाची खोली निदान 0.003 इंच आणि आकड्यांची उंची निदान 1/16 इंच असावी असेही ठरले. केवळ प्रयोगशाळेत वाचता यावे म्हणून कोणी आकड्यांची उंची ठरवत नाही. इथे गृहीत धरला आहे तो उघडा डोळा. ‘बदललेला क्रमांक’ म्हणजे काय, या वादात 2020 मध्ये दोन अपील न्यायालयांनीही हेच माप धरले, आणि ते योग्यच आहे.

यावर उत्तर येते की घासलेला आकडा आम्ल लावून पुन्हा उमटवता येतो. पोलादाच्या बाबतीत बऱ्याचदा येतो, कारण ठशाच्या दाबाने खालची धातूही बदललेली असते. पण प्लॅस्टिकच्या सांगाड्यात क्रमांक असतो तो धातूच्या छोट्या पट्टीवर; पट्टीच उपटली की आम्ल लावायचे कशाला? शिवाय रस्त्यावरचा पोलीस खिशात आम्लाची बाटली घेऊन फिरत नाही. दुसरा आक्षेप नोंदवहीचा. सरकार बंदूकवाल्यांची यादी करील ही भीती खरी असली, तरी केंद्रीय नोंदवहीला 1986 च्या कायद्याने बंदी आहे. नुसत्या क्रमांकावरून मालक कळत नाही. कारखाना, घाऊक व्यापारी, दुकानदार अशी साखळी चढत पहिल्या खरेदीदाराच्या अर्जापर्यंत जावे लागते. तिसरा आक्षेप घटनेचा. शस्त्रहक्काची घटनादुरुस्ती झाली त्या 1791 मध्ये क्रमांक नव्हते, म्हणून क्रमांक खोडलेली बंदूक बाळगण्यावरची बंदी घटनाबाह्य, असे वेस्ट व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशांनी 2022 मध्ये ठरवले होते. 2024 मध्ये वरच्या न्यायालयाने ते फिरवले: क्रमांक खोडलेली बंदूक कायदेशीर कामासाठी सर्रास वापरली जात नाही.

गुन्हेगार कायदा पाळणार आहे थोडाच, हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ. तो पाळत नाही म्हणूनच खोडलेला क्रमांक हा स्वतंत्र गुन्हा ठेवावा लागतो. जाणूनबुजून अशी बंदूक बाळगणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘जाणूनबुजून’ हा शब्द मात्र राहिलाच पाहिजे. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम खोडलेला क्रमांक बाळगणाऱ्यानेच खोडला असे गृहीत धरते आणि उलट पुरावा त्याच्याकडून मागते. जुनी बंदूक प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यावर हे ओझे जास्तच आहे.

अमेरिकी कायद्याचे खरे छिद्र वेगळे आहे. सुट्या भागांतून घरी जुळवलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुका पोलिसांनी 2017 मध्ये सुमारे 1,600 इतक्या माग काढण्यासाठी पाठवल्या. 2021 मध्ये 19,000 हून अधिक. 2022 च्या नियमाने विक्रीच्या जोडसंचांनाही क्रमांक लावला आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो 7 विरुद्ध 2 मतांनी उचलून धरला. तरी स्वतःपुरती बंदूक बनवणाऱ्याला संघराज्याचा कायदा क्रमांक मागत नाही. कॅलिफोर्निया मात्र 2018 पासून मागते. कारखान्याचा आकडा कानशीने घासणाऱ्याला तुरुंग, आणि आकडा मुळात न कोरणाऱ्याला मोकळीक, हा भेद टिकण्यासारखा नाही. कॅलिफोर्नियाची तरतूद देशभर लागू करायला हवी.